पुसलेल्या देवळाची घंटा

लिहायला बसण्याचे हे धाडस करतो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो. देवाविषयीचा अनुभव सांगणाऱ्याच्या पाठीशी काही साधना असावी, निदान रोजचा नेम तरी असावा, अशी माझी समजूत आहे. माझ्यापाशी यातले काहीच नाही. पस्तीस वर्षे मी साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत आरेखक होतो. आयुष्यभर नकाशांच्या रेषा काढल्या. वाक्ये लिहिण्याची वेळ अर्जांखेरीज कधी आली नाही. शाळा-कॉलेजात चांगले शिकलो, पुष्कळ वाचले. पण चारजणांत उभे राहून बोलायचे म्हटले की माझी जीभ आजही टाळ्याला चिकटते. तरीही हे लिहितो आहे, कारण माझ्या थोरल्या भावाने शेवटच्या दिवसांत मला लिहिण्याचे एक काम सांगितले होते आणि ते आता आणखी लांबणीवर टाकणे मला बरे वाटत नाही. माझे शब्द कमी पडतील तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षी माझी पत्नी गेली. चौदा महिने ती अंथरुणावर होती. त्या काळात तिच्या सांगण्यावरून मी पाच वेळा औंधला यमाईच्या डोंगरावर पायऱ्या चढून गेलो, ओटी भरून आलो, अंगारा आणून तिच्या कपाळी लावला. ती गेली त्या दिवसापासून मी देवघरातला दिवा लावला नाही. कुणाशी वाद घातला नाही, देव नाही असेही कधी म्हटले नाही. फक्त दिवा लावला नाही. घरात कुणी विचारणारे नव्हतेच. दिवस मात्र फार मोठे होऊ लागले. त्याच सुमारास, नव्वदीचे दशक संपत आले असताना, मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी संगणक शिकायला गेलो. वर्गात सगळे माझी नातवंडे शोभतील अशा वयाचे. माऊस हातात धरल्यावर तो टेबलाच्या कडेवरून खाली पडे आणि सगळे हसत. मीही हसल्यासारखे करी. पण वर्षभरात हात बसला, आणि एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने मला एक काम दिले. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या, कोयनेपासून वारणेपर्यंतच्या जंगलाचा जुना कागदी नकाशा संगणकावर उतरवायचा. उंचीच्या रेषा, ओढे, पायवाटा, सगळे पडद्यावर पुन्हा गिरवायचे, म्हणजे त्या दुर्गम भागात अभ्यासाला जाणाऱ्यांना हवा तेवढा तुकडा छापून नेता येईल. मी ते काम सात महिने केले. त्या सात महिन्यांत मी माणसात होतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता माझ्या हातून जे झाले ते सांगतो. त्या जंगलात पूर्वी गावे होती. वारणेवर धरण झाले, मग अभयारण्य झाले, आणि ती गावे एकामागून एक उठून खाली सपाटीला वसाहतींत गेली. जुन्या कागदावर मात्र ती जागच्या जागी होती: घरांचे काळे ठिपके, विहिरींची निळी वर्तुळे, देवळांच्या बारीक खुणा. ओसाड गाव नकाशात कशाला ठेवायचे, असा विचार मी केला आणि ती गावे पुसू लागलो. घरे पुसली, विहिरी पुसल्या. देवळांपाशी हात थांबला. मला आठवते, त्या दिवशी मी उठून पाणी प्यालो, परत येऊन बसलो, आणि मग एकेक करून नऊ देवळे पुसली. नकाशा ताजा करायचा हे कारण मी पुढे सर्वांना सांगितले आणि ते खोटे नव्हते. पण बोटाखालचे बटण दाबताना माझ्या मनात राग होता आणि त्या रागाला थोडे समाधानही मिळत होते, हे आज प्रथमच कबूल करतो.

माझे थोरले भाऊ, आमचे दादा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी नकाशे वाचण्यात आणि ते नकाशे पायांनी तुडवण्यात घालवली होती. मी नकाशे काढले खरे, पण काढलेल्या एकाही डोंगरावर कधी पाय ठेवला नाही, यावरून ते मला आयुष्यभर चिडवीत. त्यांचा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून त्यांना तळहातावर मावणारे जीपीएस यंत्र आणून दिले होते. उपग्रहांवरून ते आपले अक्षांश-रेखांश सांगे. दादांना त्याचे भारी कौतुक. माझ्या नकाशाचे छापील तक्ते जेवणाच्या टेबलावर पसरून ते म्हणाले, “टेबलावर लय देखणा दिसतोय तुजा नकाशा, धाकल्या. आता जरा त्याला चालवून आणू.” त्यांना साखरेचा विकार होता, वय चौसष्ट. मी नको म्हणालो, पण फार जोर लावून नव्हे. खरे म्हणजे माझ्या कामावर कुणीतरी पावले टाकावीत, असे मलाही वाटत होते.

निघताना वहिनींनी पिशवीत एक नारळ घातला आणि जंगलात पहिला जो देव भेटेल त्याच्यापुढे फोडा म्हणाल्या. मी म्हणालो, “वहिनी, तिथे आता देव नाहीत. गावे उठली. मीच नकाशातून देवळे पुसलीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पुसलासा व्हय? देव काय पाटीवरचा पाढा हाय, भाऊजी?” एवढे म्हणून त्या आत गेल्या. नारळ पिशवीत राहिला.

वनखात्याची रीतसर परवानगी आम्ही घेतली होती. पाटण बाजूच्या शेवटच्या वाडीत मुक्काम केला. सोबत येणारा वनरक्षक सकाळी तापाने फणफणलेला दिसला. तो एक दिवस थांबा म्हणत होता, पण दादा म्हणाले की हातात यंत्र आहे, नकाशा आहे, चार तासांची वाट आहे, दुपारी वारणेच्या अंगाला उतरून चहा पिऊ. चैत्राचे दिवस होते. आम्ही उजाडताच निघालो. पहिले दोन तास सगळे माझ्या तक्त्याप्रमाणे घडले. नकाशात वळण असेल तिथे वाट वळे, रेषा दाटल्या असतील तिथे चढ लागे. दादा दर अर्ध्या तासाने यंत्र पाहून तक्त्यावर पेन्सिलीने टिंब करीत आणि म्हणत, “शाबास रं.” त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायला मी साठ वर्षे घेतली होती. मला तेव्हा फार सुख झाले, हे लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर वाट संपली. तक्त्यावर तुटक रेषा पुढे जात होती, जमिनीवर मात्र पुरुषभर उंचीची कारवी माजली होती. जी वाट गावाकडे जायची, ती गाव उठल्यावर कुणासाठी राहणार? हे मला सात महिन्यांत एकदाही सुचले नव्हते. घरे पुसताना मी वाटा तेवढ्या ठेवल्या होत्या, जणू त्या माणसांवाचून आपोआप पडलेल्या असतात. दादांनी कोयतीने कारवी तोडीत पुढे जायचे ठरवले. तासाभराने एका ओहळाच्या काठावर वाळलेल्या पाल्याखालची दरड सुटली आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दहा-बारा फूट खाली गेले. मी कसाबसा उतरलो तेव्हा ते एका कातळाला पाठ लावून बसले होते. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला. चेहरा राखेसारखा. म्हणाले, “मोडला बग. आवाज आला न्हवं तुला?” पाण्याचे दोन्ही कॅन त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत होते. दोन्ही फुटले होते. पिशवीखालचा पाला ओला दिसत होता आणि तो ओलावा पाहता पाहता उडून गेला.

तेव्हा साडेदहा वाजले असावेत. बारापर्यंत ओहळात सावली उरली नाही. साखरेच्या माणसाला तहान कशी लागते हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना मी सांगायला नको. दादांचे ओठ फुटले, जीभ जड झाली. त्यांना उचलून वर नेणे माझ्या ताकदीबाहेरचे होते. सोडून मदतीला जायचे तर मागची वाडी चार तासांवर, जायला चार आणि यायला चार. पाण्याखेरीज ते तितके तगले नसते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्यांनी खिशातून यंत्र काढले, आकडे वाचले, तक्त्यावर टिंब केले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “हितनं जवळचं पाणी कुठं दावतोय तुजा नकाशा?”

वाचकहो, तक्त्यावर त्या टिंबाभोवती पांढरा कागद होता. आम्ही पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहोत, हे आकाशातले उपग्रह आम्हाला सांगत होते. आमच्याभोवती काय आहे, ते मी माझ्या हाताने पुसून टाकले होते. मी दादांना सगळे सांगितले. इथे जवळच कुठेतरी गाव होते, विहीर होती, देऊळ होते, पण कोणत्या बाजूला ते आता आठवत नाही. मीच काढून टाकले. मला वाटले ते रागावतील. ते म्हणाले, “सैन्यात आमी शत्रूचं ठाणं घेतलं तरी नकाशावरनं पुसत न्हाई, गड्या. तिथं पाणी असतंय.” आणि ते हसले. ते हसणे मला अजून ऐकू येते.

मग त्यांनीच नारळाची आठवण केली. देवापुढे फोडायचा म्हणून दिलेला नारळ, देव भेटण्याआधीच, मी कातळावर आपटून फोडला. निम्मे पाणी दगडावर सांडले. उरलेले करवंटीतून दादांच्या तोंडात घातले. चार-पाच घोट असतील. त्यांनी डोळे मिटले. मी कातळावर बसून पडद्यावरचा तो भाग आठवायचा प्रयत्न करू लागलो. माझा हात कोणत्या कोपऱ्यात थांबला होता? पाणी प्यायला मी कधी उठलो? डावीकडची खूण आधी पुसली की उजवीकडची? डोके बधिर झाले होते. आठवता आठवता काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. माझे हात जोडलेले होते एवढे खरे. यमाईचे नावही तोंडात आले नाही. पत्नीसाठी मागताना जे शब्द वापरले होते ते पुन्हा वापरण्याची मला भीती वाटत होती. मी एवढेच म्हणालो, की तू कुठे होतास ते मला ठाऊक होते आणि मीच तुला पुसले. आता माझ्या ध्यानात काही उरले नाही, तुझ्या ध्यानात काही असेल तर दाखव.

घंटा वाजली. एकच टोल, मग थोड्या वेळाने आणखी दोन. आवाज ओहळाच्या वरच्या अंगाने, डावीकडून आला. मी दादांकडे पाहिले. त्यांचे डोळे उघडे होते. “जा,” ते म्हणाले.

कारवी हातांनी बाजूला करीत, रक्ताळत, मी त्या दिशेने गेलो. पाऊण मैलावर जंगल एकाएकी विरळ झाले. गवतात घरांची जोती होती, एका जोत्यावर आंब्याचे झाड उगवलेले. पलीकडे छप्पर नसलेले देऊळ, आणि देवळापुढे वीस-बावीस माणसे. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, बायका भाकरी थापत होत्या. मी कुणी जनावर असावे तसा झाडीतून बाहेर पडलो, तेव्हा एक म्हातारी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आवं, कोण तुमी? हिकडं कुठनं आलासा?” माझ्या तोंडून फक्त “पाणी” आणि “भाऊ” एवढे दोन शब्द निघाले.

ती माणसे त्याच गावची होती. गाव उठून बारा-तेरा वर्षे झाली होती, आता ती शिराळ्याच्या बाजूला एका वसाहतीत राहत. देवाची मूर्ती त्यांनी हलवली नव्हती. कौल लावला, देवाने जायला नकार दिला, असे त्यांनी सांगितले. घंटा मात्र वसाहतीतल्या नव्या देवळात नेली होती. वर्षातून एक दिवस, चैत्रात, ते ती घंटा डोक्यावर घेऊन डोंगर चढून येत, जुन्या जागी टांगत, देवाला जेवू घालत आणि संध्याकाळच्या आत घंटेसह उतरून जात. नेमका दिवस आदला होता. “काल यायचं हुतं,” एकजण म्हणाला, “पर टेम्पो बंद पडला. देवाला म्हटलं एक दिस उपाशी ऱ्हा.” मी यावर काही भाष्य करणार नाही. टेम्पो बंद पडतात, हे मलाही माहीत आहे.

पाण्याचे मात्र वेगळेच होते. मी आपणहून विहिरीकडे धावलो, कारण देऊळ दिसताच पडद्यावरची जागा मला लख्ख आठवली: देवळाच्या पूर्वेला, पन्नास पावलांवर. विहीर तिथेच होती. ती पार ढासळली होती, तळाशी दगड आणि वाळका पाला. मी नकाशात ती ठेवली असती आणि ही माणसे आली नसती, तर मी शेवटचे बळ खर्चून या कोरड्या खड्ड्यापाशी येऊन पडलो असतो. मी काठावर उभा असताना साठीच्या आसपासचा एक माणूस माझ्याजवळ आला. सगळे त्याला आबा म्हणत होते. त्याच्या हातात पाण्याने भरलेली कळशी होती. “तिला पाणी न्हाई. ह्ये घ्या, झऱ्याचं हाय,” तो म्हणाला. आम्ही दोघे पुढे निघालो, चार गडी घोंगडे आणि बांबू घेऊन मागे. वाटेत मी त्याला विचारले, तुमचा देव कोणता. तो म्हणाला, “देवाला मी येत न्हाई. आमची बौद्ध मानसं. मी झऱ्याला येतो.” मग थांबून, कारवी वाकवून मला वाट देत, तो बोलला. गावची विहीर त्याच्या आज्याने खणली होती. खणून झाल्यावर तिला शिवायची त्यांनाच बंदी झाली. मग त्यांच्या वस्तीने खालच्या अंगाला एक झरा शोधला, दगड लावून बांधला. झरा कधी आटला नाही. गाव उठल्यावर तो दरसाल या लोकांबरोबर येतो, झऱ्यातला गाळ काढतो, पाणी निवळेपर्यंत बसतो आणि परत जातो. गाळ त्याने त्या दिवशी सकाळीच काढला होता. “कुणी प्यायला न्हाई आता,” तो म्हणाला, “पर तोंड मोकळं ठिवावं लागतंय.” मी नकाशाबद्दल बोललो तेव्हा तो हसला. “आमचा झरा कुठल्या नकाशात असतोय, सायेब?”

खरेच नव्हता. मी तो पुसला नव्हता, कारण तो कागदावर कधी आलाच नव्हता.

दादा शुद्धीवर होते. आबाने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि ओंजळीने थोडे थोडे पाणी पाजले. एकदम दिले नाही. दादांनी विचारले, “कुठलं रं पाणी?” आबा म्हणाला, “आमच्यातलं हाय. चालंल न्हवं?” दादा म्हणाले, “मर्दा, आता इचारतोयस व्हय?” दोघेही हसले. घोंगड्याची झोळी करून चार गड्यांनी त्यांना उचलले. देवळापुढे क्षणभर झोळी टेकवली, तेव्हा मी त्या म्हातारीला सांगितले की देवासाठी नारळ आणला होता पण तो आम्हीच पिऊन टाकला. ती म्हणाली, “मग पोचला की.” तिथून टेम्पोपर्यंत तीन तास लागले. आबा सारी वाट झोळीच्या बाजूने कळशी सांभाळीत चालला.

दादा वाचले असे लिहायला मला किती आवडले असते. ते अकरा दिवस जगले. हाड बसवले, पण साखरेने जखम चिघळली, मग छातीत पाणी झाले. डॉक्टरांनी होते ते सर्व केले. नवव्या दिवशी दुपारी वहिनी डबा आणायला गेल्या असताना त्यांनी मला जवळ बोलावले. माझ्या मनात जे चालले होते ते त्यांना न सांगता कळले असावे. म्हणाले, “तुज्या नकाशानं न्हाई पडलो मी, दरडीवरनं पडलो. आनि तहानंनं न्हाई मेलो. एवढं लिवून ठिव.” मग म्हणाले, “पुसलेलं परत घाल.” दोन दिवसांनी ते गेले. वहिनी त्यांच्या उशाशी होत्या, मी पायाशी होतो, मुलगा जहाजावरून येऊन पोचला होता. तहानेने, माणसांवाचून, त्या ओहळात जे व्हायचे होते ते असे घरच्या माणसांत झाले. याला कृपा म्हणावे का, असे एका परिचिताने मला विचारले होते. वहिनींनी मात्र कधी विचारले नाही. तेराव्यानंतर त्यांनीच माझ्या घरी येऊन देवघरातले जळमट काढले आणि दिवा माझ्या हाती दिला. मी तो लावला. तेव्हापासून लावतो. काही मागत नाही; मागण्याचे मला जमत नाही, हे आता मी मान्य केले आहे. देव जे देईल त्याच्या खाली ओंजळ धरून बसावे, एवढेच मला येते. ते पाणी कुणाच्या हातून येईल, हे ठरवणारा मी कोण?

विभागातून जुना कागद पुन्हा मागून घेतला आणि ती गावे, विहिरी, नऊ देवळे, सगळे जागच्या जागी घातले. ढासळलेल्या विहिरीपाशी ‘कोरडी’ असे लिहिले. पुढच्या चैत्रात त्या लोकांबरोबर मीही हळूहळू चढून गेलो, देवापुढे नारळ फोडला आणि मग आबाशेजारी बसून गाळ काढला. दादांचे यंत्र झऱ्यावर धरून आकडे उतरवून घेतले. घरी येऊन पडद्यावर एक निळे टिंब केले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी काढलेल्या कोणत्याही रेषेपेक्षा ते टिंब जास्त जपून काढले.

पण असा तो एकच झरा नसणार. जी गावे उठली, त्या प्रत्येकात एखादा दगडाचा देव, एखादी कपार, एखादे बांधून काढलेले पाणी असेल, जे कुणा मोजणीदाराला दिसले नाही किंवा कुणी त्याला दाखवले नाही. ते जाणणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. माझेही डोळे आणखी फार वर्षे साथ देतील असे वाटत नाही. म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारतो: तुम्ही सोडून आलेल्या गावात नकाशावर नसलेले असे काही मागे राहिले आहे का, आणि त्याची जागा मला सांगाल का?